सगळ्या विषयांतला आशिया : ऑस्ट्रेलियातील शाळांत हे खरोखर जमते का?

यारातीर (मेलबर्न)

नमस्कार. मी मेलबर्नच्या पश्चिमेकडील एका सरकारी शाळेत ह्युमॅनिटीज, म्हणजे इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवते. आमच्याकडे प्रेपपासून (पहिलीच्या आधीच्या वर्षापासून) बारावीपर्यंतचे वर्ग एकाच आवारात भरतात. या वर्षी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे एक जबाबदारी सोपवली आहे. संपूर्ण शाळेच्या अभ्यासक्रमात आशियाचा अभ्यास कुठे आणि कसा येतो, ते तपासून पुढील वर्षाचा आराखडा मी मांडायचा आहे. त्या निमित्ताने हा धागा काढत आहे, कारण या मंडळींत शिक्षकही आहेत आणि इथल्या शाळांत मुले पाठवणारे पालकही आहेत.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात विषयांच्या जोडीने तीन प्राधान्ये आहेत आणि ती सर्व विषयांतून आडवी विणली जावीत अशी अपेक्षा आहे. पहिले प्राधान्य आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतील लोकांचा इतिहास व संस्कृती, दुसरे आशिया आणि ऑस्ट्रेलियाचे आशियाशी असलेले नाते, आणि तिसरे शाश्वतता. यांपैकी एकही स्वतंत्र विषय नाही, त्यामुळे त्याला वेळापत्रकात तास नाही, वेगळा शिक्षक नाही आणि वेगळे गुणही नाहीत. आशिया म्हणजे प्रामुख्याने ईशान्य, आग्नेय आणि दक्षिण आशिया असे अभ्यासक्रम मानतो. पश्चिम आणि मध्य आशियाचा उल्लेख आहे, पण भर तिथे नाही.

आता अडचण सांगते. गेल्या वर्षी आमच्या शाळेत हेच काम एका मोठ्या तक्त्याच्या रूपाने झाले होते. प्रत्येक विभागाने आपल्या युनिटसमोर आशिया येत असेल तर हिरवी खूण करायची होती. तक्ता भरून आला तेव्हा तो इतका हिरवागार दिसत होता की पाहणाऱ्याला वाटावे, ही शाळा सिंगापुरातच असावी. प्रत्यक्षात फूड टेक्नॉलॉजीच्या वर्गाने स्टर-फ्राय केले म्हणून एक खूण होती, शारीरिक शिक्षणात कबड्डीचा एक तास झाला म्हणून दुसरी, आणि चित्रकलेत कागदाचे बगळे केले म्हणून तिसरी. या गोष्टी वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही, परंतु त्या केल्यानंतर मुलाला आशियाबद्दल असा कोणता प्रश्न पडला, जो त्याला आधी पडत नव्हता, असे मी सहकाऱ्यांना विचारले तेव्हा स्टाफरूममध्ये शांतता पसरली.

ज्यांनी अभ्यासक्रमाचे संकेतस्थळ उघडून पाहिले असेल त्यांना ठाऊक असेल की अनिवार्य आशयाखाली उदाहरणादाखल काही विस्तार दिलेले असतात. आशिया बऱ्याच वेळा त्या विस्तारांतच येतो आणि ते विस्तार ऐच्छिक असतात. म्हणजे कागदावर आशिया सर्वत्र आहे, आणि शिक्षकाने मनात आणले तर तो एकाही तासाला न भेटता मूल दहावी पार करू शकते. आठ वर्षे शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की एखाद्या विषयातील प्रश्न आशियावाचून सुटतच नसेल, तरच आशिया त्या विषयात टिकतो, आणि वरून चिकटवलेला आशिया पुढच्या टर्मपर्यंत गळून पडतो. पण हे संपूर्ण शाळेच्या पातळीवर कसे करायचे? जाणकारांनी आपले अनुभव लिहावेत.

ब्लूमाउंटन (सिडनी)

धाग्याबद्दल आभार. मी शिक्षक नाही, दोन मुलांचा पालक आहे, आणि पालकांच्या मनात जे असते ते स्पष्ट लिहितो. अभ्यासक्रम आधीच फुगलेला आहे. माझी मुलगी सहावीत आहे आणि अपूर्णांकांचा भागाकार तिला अजून घरी शिकवावा लागतो. अशा वेळी गणिताच्या शिक्षकाने आशियाही शिकवावा, शाश्वतताही शिकवावी, ही अपेक्षा मला वास्तवाला धरून वाटत नाही.

माझ्या आठवणीप्रमाणे २०१४ मध्ये केव्हिन डॉनेली आणि केन विल्टशायर यांनी अभ्यासक्रमाचे जे पुनरावलोकन केले, त्यातही हाच सूर होता. ही प्राधान्ये जिथे शैक्षणिकदृष्ट्या खरोखर लागू पडतात तिथेच ठेवावीत, सरसकट सर्वत्र शिंपडू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्या अहवालावर राजकीय हेतूचे आरोप झाले हे मान्य, पण हा एक मुद्दा मला तरी पटला होता. आमच्या ऑफिसात जपानशी आणि कोरियाशी रोज व्यवहार होतात. ते करणाऱ्या लोकांपैकी कोणीही शाळेत कागदाचे बगळे करून तिथवर पोहोचलेला नाही.

जुने खोड (ॲडलेड)

मी १९८८ साली या देशात आलो आणि निवृत्त होईपर्यंत दक्षिण ऑस्ट्रेलियातील शाळांत शिकवले. त्यामुळे यारातीर यांचा प्रश्न मला नवा वाटत नाही. या देशाला दर दहा-बारा वर्षांनी आशियाचा शोध लागतो आणि त्यानंतर तो विसरलाही जातो, हे मी तीन वेळा जवळून पाहिले आहे.

१९८९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉस गार्नो यांचा ईशान्य आशियाच्या उदयावरील अहवाल आला आणि शाळांनी आशियाकडे वळले पाहिजे ही चर्चा सुरू झाली. १९९२ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या छत्राखाली एशिया एज्युकेशन फाउंडेशन उभे राहिले. शिक्षकांसाठी साहित्य तयार करणे, कार्यशाळा घेणे आणि शाळांचे जाळे विणणे ही कामे त्या संस्थेने वर्षानुवर्षे केली. पुढे आशियातील शाळांशी जोड्या जुळवण्याचा ब्रिज नावाचा कार्यक्रमही तिनेच चालवला. १९९४ मध्ये, पुढे पंतप्रधान झालेल्या केव्हिन रड यांच्या अध्यक्षतेखालील गटाने आशियाई भाषा आणि ऑस्ट्रेलियाचे आर्थिक भवितव्य यांवर अहवाल दिला. तेव्हा रड पंतप्रधान तर नव्हतेच, खासदारही नव्हते. त्या अहवालातून १९९५ साली चिनी, जपानी, इंडोनेशियन आणि कोरियन या चार भाषांसाठी आणि आशियाच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिच्यावर खर्चही चांगला झाला. २००२ च्या अखेरीस केंद्र सरकारने तो निधी थांबवला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बालीतील बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर सरकारच्या प्रवासविषयक इशाऱ्यांमुळे शाळांच्या इंडोनेशियाच्या सहली बंद पडल्या. आमच्या शाळेत इंडोनेशियनचे चार तुकड्यांचे वर्ग होते. निधी आटला, सहल गेली, मुलांचे आकर्षण गेले, आणि इंडोनेशियन शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कोणी आलेच नाही. ज्या दिवशी त्या गेल्या त्या दिवशी शाळेतला आशियाही गेला, कारण तो एका व्यक्तीच्या खांद्यावर उभा होता. मुख्याध्यापकांपासून ग्रंथपालांपर्यंत इतर कोणालाही तो आपला वाटत नव्हता.

दुसरी लाट २००८ ची. त्या वर्षीच्या मेलबर्न जाहीरनाम्यात ऑस्ट्रेलियन मुलांनी आशियासाक्षर व्हावे असे सर्व राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी मान्य केले, आणि भाषांसाठी ६२.४ दशलक्ष डॉलरांची नवी योजना आली. २०२० पर्यंत बारावी पूर्ण करणाऱ्यांपैकी किमान १२ टक्के विद्यार्थी चारपैकी एका भाषेत व्यापाराला किंवा विद्यापीठीय अभ्यासाला पुरेसे प्रवीण असावेत असे तिचे उद्दिष्ट होते. या उद्दिष्टाच्या जवळपासही कोणी गेले नाही. तिसरी लाट २०१२ च्या ऑक्टोबरची, तत्कालीन पंतप्रधान जूलिया गिलार्ड यांच्या आशियाई शतकावरील श्वेतपत्रिकेची. तिच्यात कोरियनऐवजी हिंदीला प्राधान्यभाषांत स्थान मिळाले, तेव्हा आपल्या मंडळींत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. पुढच्याच वर्षी सरकार बदलले आणि श्वेतपत्रिका बाजूला पडली.

ब्लूमाउंटन यांना एवढेच सांगेन की या तिन्ही वेळी युक्तिवाद व्यापाराचा होता. व्यापाराच्या नावाने शाळेत आणलेली गोष्ट व्यापाराची हवा बदलली की शाळेबाहेर जाते. राष्ट्रीय अभ्यासक्रमातील प्राधान्य मात्र, कितीही ढिले असले तरी, सरकारे बदलूनही टिकून आहे, आणि ही जमेची बाजू आपण कमी लेखू नये असे मला वाटते.

यारातीर (मेलबर्न)

जुने खोड काका, एका व्यक्तीच्या खांद्यावरचा आशिया हे तुम्ही अगदी नेमके सांगितलेत. आमच्या शाळेत ती व्यक्ती सध्या मीच आहे, आणि ते मला नको आहे.

ब्लूमाउंटन, तुमचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. सरसकट शिंपडण्याला माझाही विरोध आहे. पण वेगळा तास न वाढवता, आहे त्याच आशयातून हे कसे साधते, याचे एक उदाहरण सविस्तर लिहिते. गेल्या वर्षी आम्ही चार शिक्षकांनी हे आठवीच्या एका तुकडीवर करून पाहिले.

विषय होता समुद्रकाकडी. इथे तिला ट्रेपँग म्हणतात. उथळ समुद्राच्या तळाशी राहणारा, काकडीसारखा दिसणारा हा प्राणी चीनमध्ये पक्वान्न आणि औषध म्हणून विकला जात असे. तो गोळा करण्यासाठी आजच्या इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या मकासर बंदरातून पडाव (शिडांच्या होड्या) दरवर्षी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर, अर्नहेम लँडच्या भागात येत. त्या किनाऱ्याला ते मारेगे म्हणत. डिसेंबरच्या सुमारास वायव्येकडील मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन यायचे, काही महिने किनाऱ्यावर तळ ठोकून समुद्रकाकडी उकडायची, धुरावर वाळवायची आणि वारा फिरला की परतायचे, असा हा क्रम होता. १८०३ च्या फेब्रुवारीत मॅथ्यू फ्लिंडर्स ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालत असताना त्याला अशा सहा पडावांचा तांडा भेटला. त्यांचा म्होरक्या पोबासू याने सांगितले की एकूण ताफा साठ पडावांचा आणि हजार माणसांचा आहे. फ्लिंडर्सचे त्याच्याशी बोलणे झाले ते जहाजावरच्या मलाय आचाऱ्याच्या मध्यस्थीने. आमच्या वर्गातली मुले याच तपशिलावर सर्वांत जास्त वेळ थांबली, कारण घरी आईवडिलांसाठी दुभाष्याचे काम त्यांच्यापैकी निम्मी मुले रोज करतात.

आता यात विषय कसे आले ते पाहा. भूगोलात मोसमी वारे शिकवायचेच होते. एरवी ते नकाशावरील बाणांपुरते राहतात, इथे मात्र डिसेंबरमध्ये येण्याचे आणि इथल्या शरदात (मार्च ते मे) परतण्याचे कारण म्हणून ते आले. आपल्याकडे पावसाळ्याची वाट पाहत मोठी झालेली माणसे हे सहज समजतात, पण मेलबर्नच्या मुलाला वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो आणि त्यावर लोकांचे पोट चालते ही कल्पनाच नवीन असते. विज्ञानात प्राण्यांचे वर्गीकरण होतेच. तारामासा आणि समुद्रकाकडी एकाच संघातील कसे, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाने घेतला. चित्रकलेत झाडाच्या सालीवर आणि खडकांवर रंगवलेले पडाव पाहिले, तसेच यिरकालाजवळ वुरवुरवुय येथे योल्ङू या तिथल्या आदिवासी लोकांनी दगड मांडून केलेल्या आकृत्या पाहिल्या. त्यांत पडावांचे कप्पे आणि समुद्रकाकडी उकडण्याच्या चुलीही दाखवलेल्या आहेत.

सर्वांत जास्त रंग भरला तो इंग्रजीच्या वर्गात, शब्दांच्या निमित्ताने. योल्ङू भाषांत पैशाला रुपिया म्हणतात आणि गोऱ्या माणसाला बालांदा. बालांदा हा हॉलंडरचा अपभ्रंश, कारण मकासरच्या खलाशांना ठाऊक असलेला गोरा माणूस डच होता. रुपियाचे मूळ मी फळ्यावर लिहिले तेव्हा वर्गातील गुजराती, पंजाबी, नेपाळी आणि इंडोनेशियन मुले एकदम बोलू लागली. संस्कृतातून निघालेला एक शब्द ब्रिटिश वसाहतीच्या नाण्यांबरोबर न येता मलाय खलाशांच्या तोंडून ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी भाषेत जाऊन बसला, ही गोष्ट मलाही ते युनिट आखेपर्यंत माहीत नव्हती. मकासरी तळांच्या जागी आजही चिंचेची झाडे आहेत, कारण ते खलाशी जेवणात चिंच वापरत आणि चिंचोके तिथेच पडत. चिंचेचे झाड पाहून तिथे कोण जेवून गेले ते सांगता येते, हे मुलांना फार आवडले. (मला आमच्या आजोळच्या परसातले झाड आठवले, पण तो विषयांतराचा मोह आवरते.)

हा व्यापार १९०६-०७ च्या हंगामानंतर थांबला, कारण त्या काळी उत्तर प्रांताचा कारभार पाहणाऱ्या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने मकासरी पडावांना परवाने देणे बंद केले. नागरिकशास्त्रात याच ठिकाणी गोऱ्या नसलेल्यांना देशाबाहेर ठेवण्यासाठी केलेला १९०१ चा स्थलांतर निर्बंध कायदा येतो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मुले स्वतःच विचारतात, आधी शतकभर चाललेले येणेजाणे नेमके तेव्हाच का थांबवावेसे वाटले?

लक्षात घ्या, या सगळ्यात आम्ही एकही तास वाढवला नाही. आदिवासी इतिहासाचे प्राधान्य आणि आशियाचे प्राधान्य एकमेकांच्या तासावर हक्क सांगतात, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. इथे त्या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नव्हत्या.

शून्यलब्धी (ब्रिस्बेन)

मी गणित शिकवतो आणि या चर्चेत गणिताची बाजू लंगडी राहते असे नेहमी पाहतो. यारातीर यांच्या उदाहरणातही गणित आले नाही, हे मी खोडसाळपणे नव्हे तर सहानुभूतीने नोंदवतो. गणितात आशिया म्हटले की शून्याचा शोध भारतात लागला हे एक वाक्य, आणि तळाशी एखाद्या प्राचीन गणितज्ञाचे चित्र. त्यानंतर समीकरणे पूर्ववत सुरू होतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती जाहिरात असते.

मला दोन गोष्टी उपयोगी पडल्या आहेत. पहिली शून्याचीच, पण वेगळ्या वाटेने. ग्वाल्हेरच्या मंदिरातील इसवी सन ८७६ चा शिलालेख सर्वांना माहीत असतो. त्याहून जुना, दशमान पद्धतीत शून्य दाखवणारा एक लेख कंबोडियात मेकाँग नदीकाठच्या सांबोर येथे सापडला आहे. त्यात ६०५ हे वर्ष लिहिताना मधल्या शून्यासाठी ठिपका कोरला आहे. हे ६०५ शकवर्ष आहे, म्हणजे इसवी सन ६८३. आपल्या पंचांगात आजही जे शके चालते तेच मेकाँगच्या काठी दगडावर कोरलेले आहे, हे पाहून मी स्वतः थक्क झालो होतो. वर्गात मी मुलांना आधी स्थानमूल्य नसलेल्या रोमन अंकांत गुणाकार करायला लावतो, ती रडकुंडीला आली की त्या ठिपक्याचे छायाचित्र दाखवतो आणि हा ठिपका काढून टाकला तर वर्ष कोणते होईल, असे विचारतो. इथे आशिया सजावटीला उरत नाही, तो स्थानमूल्याचे उत्तर म्हणून येतो. आठवीत आंग्कोरचा इतिहास घेणाऱ्या शाळांत इतिहास आणि गणित या दोन विभागांनी एकमेकांशी दहा मिनिटे बोलले तरी पुरते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. १८५५ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीने चिनी लोकांच्या येण्यावर कायदा केला. जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी प्रवासी, आणि प्रत्येक चिनी प्रवाशामागे दहा पौंड कर. तीनशे टनांच्या जहाजातून किती चिनी प्रवासी आणता येतील, हे सातवीचे गणित आहे. उत्तर तीस येते. मग मी विचारतो की हा कर टाळण्यासाठी तुम्ही काय कराल, आणि कोणीतरी म्हणतेच की शेजारच्या वसाहतीत उतरू. हजारो लोकांनी तेच केले. ते दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरले आणि चारशेहून अधिक किलोमीटर चालत सोन्याच्या खाणींपर्यंत गेले. त्यानंतर दिवसाला किती किलोमीटर चालले तर किती दिवस, हे मुलांनी स्वतःहून मांडलेले उदाहरण असते.

ब्लूमाउंटन यांच्या अपूर्णांकांच्या काळजीवर एवढेच की मी अपूर्णांकांच्या तासाला आशिया आणत नाही, कारण तिथे तो लागत नाही. सर्व विषयांत याचा अर्थ सर्व तासांत असा नाही.

तुळशीवृंदावन (मेलबर्न)

मुलांच्या शाळेत आम्ही काही पालक मिळून दरवर्षी दिवाळीचा दिवस साजरा करतो. रांगोळी, फराळ, लेझीम, सगळे असते, आणि शिक्षकांचा प्रतिसादही फार चांगला असतो. इथला सूर पाहून असे वाटते की या गोष्टी वरवरच्या आहेत आणि त्या बंद कराव्यात. मला ते अन्यायाचे वाटते. माझ्या मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा वर्गात आपले संपूर्ण नाव नीट उच्चारून सांगितले. भारतात जन्मलेल्यांची संख्या २०२१ च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे पावणेसात लाखांच्या आसपास आहे. आपण दिसलोच पाहिजे.

यारातीर (मेलबर्न)

तुळशीवृंदावन, दिवाळी बंद करावी असे मी कधीही म्हणणार नाही. तुमच्या मुलाचा प्रसंग वाचून मला आनंद झाला, आणि तशा दिवसाचे मोल मी जाणते. माझा आक्षेप त्या दिवसाला हिरवी खूण करून अभ्यासक्रमाचे काम झाले असे मानण्याला आहे. तो शाळेच्या जिव्हाळ्याचा भाग आहे, त्याला अभ्यास म्हणू नये.

आणखी एक गोष्ट आपल्याच लोकांना उद्देशून लिहिते, कारण घरात बोलताना ती सहज बोलता येते. शाळेत आशिया हवा असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपल्या मनात भारत असतो, आणि भारत म्हणजे आपले सण. गेल्या वर्षी पालकसभेत इंडोनेशियाच्या युनिटबद्दल सांगितले तेव्हा एका भारतीय पालकांनी मला विचारले की त्याऐवजी रामायण का घेत नाही. मी त्यांना म्हटले की आमच्या वायांग कुलितच्या पाठात, चामड्याच्या सावलीबाहुल्यांत, रामायण आहेच, फक्त ते जावामधले आहे. ते हसले, पण मला वाटते त्यांना खरोखर नवल वाटले. मुंबईहून नवव्या वर्षी इथे आलेल्या मुलाला इंडोनेशिया नकाशावर दाखवता येत नाही आणि मेलबर्नमध्ये जन्मलेल्या व्हिएतनामी मुलालाही येत नाही. आशियाई घरातून आलेले मूल आशियासाक्षर असतेच असे गृहीत धरले की त्याच्यावर दुहेरी अन्याय होतो, कारण त्याला कोणी शिकवत नाही आणि वर आपल्या खंडाचा प्रवक्ता म्हणून उभे करतात.

श्रुतलेखनाचा एक तासही सांगते. १९०१ च्या कायद्यात नको असलेल्या प्रवाशाला कोणत्याही युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालण्याची तरतूद होती. ही परीक्षा १९५८ पर्यंत चालली. मी दहावीच्या वर्गात काहीही न सांगता मराठीतील पन्नास शब्द वाचले आणि लिहायला सांगितले. एक मुलगा म्हणाला, मॅडम, हे आम्हाला येणे शक्यच नाही. मी म्हटले, तेच अपेक्षित आहे. त्यानंतर मी कायद्याचे कलम वाटले. त्या तासात आशियाचा एकही नकाशा नव्हता, तरी आशियाशी असलेल्या नात्याचा माझा सर्वांत चांगला तास तोच झाला.

पाटी-पेन्सिल (पुणे)

दुरून वाचत आहे आणि एक शिक्षक म्हणून एकच शंका विचारतो. या प्राधान्याचे मूल्यमापन कोण करते? आमच्याकडे जे परीक्षेत नसते ते शिकवले जात नाही, आणि माणसे तिकडेही फार वेगळी नसावीत.

जुने खोड (ॲडलेड)

आपली शंका बरोबर आहे. कोणीही करत नाही. राष्ट्रीय पातळीवरील नॅपलॅन ही चाचणी तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीत होते, आणि ती वाचन, लेखन, भाषेचे नियम व अंकज्ञान एवढेच पाहते. प्राधान्यांना स्वतंत्र निकष नाहीत. त्यातून पर्यायांची सोय असते. मागील आवृत्तीत नववीच्या इतिहासात आशिया आणि जग हा एक पर्याय होता आणि ऑस्ट्रेलिया राष्ट्र कसे झाले हा दुसरा. दोन्ही घेण्याची सक्ती नव्हती. शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण ज्या विषयात झालेले असते तो पर्याय तो घेणार, आणि इथल्या बहुतेक शिक्षकांना त्यांच्या विद्यार्थिदशेत आशिया कोणी शिकवलाच नव्हता. सक्तीने हे सुटेल असे मला वाटत नाही, पण शिक्षकाला शिकण्यासाठी वर्षातून दोन-चार मोकळे दिवस मिळाले तर पुष्कळ फरक पडतो, हे मी नव्वदच्या दशकात अनुभवले आहे.

यारातीर यांना एक व्यवहारातली सूचना. नवे युनिट लिहिण्याआधी शाळा आधीच काय करते ते पाहा. मेलबर्नची मुले बॅलारॅटमधल्या सॉव्हरिन हिलला, म्हणजे सोन्याच्या खाणींच्या काळाच्या खुल्या संग्रहालयाला, सहलीला जातातच. तिथे चिनी खाणकामगारांची वस्ती उभारलेली आहे, आणि बहुतेक वर्ग सोने चाळून, मेणबत्त्या करून तिच्यावरून पुढे निघून जातात. शून्यलब्धी यांचे दहा टनांचे गणित सहलीच्या आदल्या आठवड्यात घ्या आणि मुलांना त्या वस्तीत अर्धा तास थांबवा. अँझॅक दिनाला, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, तुर्कस्तानातील गल्लीपोलीच्या लढाईचा कार्यक्रम होतो तेव्हा २५ एप्रिल १९१५ ला त्याच किनाऱ्यावर भारतीय डोंगरी तोफखानाही उतरला होता, हे एका वाक्यात सांगून थांबू नका. खेचरे, तोफा आणि त्या चालवणारी माणसे कुठून आली, ते मुलांनाच शोधू द्या. आणि १९४५ मध्ये इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने इथल्या गोदी कामगारांनी डच जहाजांवर बहिष्कार टाकला, त्यात भारतीय खलाशीही सामील झाले, हे कामगार चळवळीच्या पाठात येऊ शकते. खर्च शून्य आहे, कार्यक्रम आधीचेच आहेत.

ब्लूमाउंटन (सिडनी)

दहा टनांचे गणित काल रात्री मुलीला घातले. उत्तर लगेच आले. नंतर तिने विचारले की चिनी नसलेल्या प्रवाशांना किती कर होता. मी म्हणालो, चिनी नसलेल्यांसाठी हा कर नव्हताच. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. माझा आक्षेप मी पूर्णपणे मागे घेत नाही, पण शून्यलब्धी यांचे सर्व तासांत नव्हे हे वाक्य मला मान्य आहे. यारातीर, तुमचा आराखडा तयार झाला की तो पालकांना कळेल अशा भाषेत इथे टाकाल का? आमच्या शाळेच्या पालक समितीपुढे मी तो ठेवीन.

यारातीर (मेलबर्न)

नक्की टाकेन. काकांच्या सूचनेवरून मी आज तो हिरवा तक्ता बंद केला आणि एका कोऱ्या पानावर शाळा आधीपासून करत असलेल्या सहली, कार्यक्रम आणि युनिटे लिहायला घेतली. आतापर्यंत सतरा झाली आहेत आणि त्यांपैकी सहा ठिकाणी आशिया समोरच उभा आहे, आम्ही त्याच्याकडे पाहिले नव्हते इतकेच. पुढच्या बुधवारच्या बैठकीत प्रत्येक विभागाकडून मी एकच गोष्ट मागणार आहे. तुमच्या विषयातील असा एक प्रश्न द्या, जो आशियावाचून अर्धा राहतो. ज्या विभागाकडे तसा प्रश्न या वर्षी नसेल त्याने रकाना रिकामा ठेवावा, आणि तो रिकामा ठेवण्याची परवानगी मी मुख्याध्यापकांकडून आधीच घेतली आहे. फूड टेक्नॉलॉजीच्या बाईंनी मात्र आजच निरोप पाठवला आहे की स्टर-फ्राय राहू दे, त्या चिंचेपासून सुरुवात करणार आहेत.